ओरिजिनल एचएमटी

मागच्या पावसाळ्यात मी एका ॲपवरून पाच किलो तांदूळ मागवला. लिस्टिंगवर लिहिलं होतं : 'ओरिजिनल एचएमटी कोलम, विदर्भातल्या शेतकऱ्याकडून थेट, एक वर्ष जुना, नॅचरल, शुगर फ्री.' चारच्या वर स्टार होते. फोटोत हिरवीगार बांधी आणि तिच्या धुऱ्यावर उभे असलेले एक हसरे आजोबा. मी मूळची सिंदेवाहीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातली. पुण्यात आल्यापासून दुकानदार 'कोलम' म्हणून देईल तो तांदूळ खाते आणि दर वेळी घरच्या भाताची आठवण काढते. 'विदर्भ' हा शब्द दिसला आणि बोट आपोआप पुढे गेलं.

पाकीट आल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. थोडी फुशारकी मारायची होती. तिनं आधी कॅमेरा जवळ न्यायला लावला, मग मूठभर तांदूळ ताटलीत पसरायला लावला.

"हा कायचा एचएमटी?" ती म्हणाली. "दोन जातीचा दाना आहे त्याच्यात. अन् कनकी किती आहे पा." मग तिनं खरा प्रश्न विचारला, "कोनापासून घेतला वो?"

मी ॲपचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ते दुकान झालं, माणूस कोण?

मला उत्तर देता आलं नाही. राग आईचा आला, विकणाऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. कारण 'ओरिजिनल एचएमटी' या दोन शब्दांचा अर्थ आमच्या भागात वाढलेल्या माणसानं तरी विचारायला हवा होता. ओरिजिनल म्हणजे कोणता? या नावाचा इतिहास जेमतेम चाळीस वर्षांचा आहे, आणि तो आमच्या घरापासून फार लांब घडलेला नाही.

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. मराठवाड्यातलं नव्हे, ते सांगत बसणं आमच्या भागातल्या लोकांच्या नशिबीच आहे. या गावात दादाजी रामाजी खोब्रागडे राहायचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली, म्हणजे चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, त्यांच्या शेतात 'पटेल ३' हे धान उभं होतं. त्यात त्यांना तीन लोंबा वेगळ्या दिसल्या, पिवळसर छटा असलेल्या. धान कापताना असं काहीबाही वेगळं बऱ्याच जणांना दिसतं. दादाजींनी त्या लोंबा बाजूला काढून जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी त्या दाण्यांची रोवणी शेताच्या मधोमध केली आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काटेरी झुडपांचं कुंपण घातलं. मग दर वर्षी निवड, पुन्हा पेरणी, पुन्हा निवड. पाचेक वर्षांनी हाती आलं ते पटेलपेक्षा बारीक दाण्याचं, भात चांगला होणारं धान.

त्याला नाव नव्हतं. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातल्या धानाला नाव लागतंच असं नाही. नाव बाजाराला लागतं. १९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं दादाजींकडून बी नेऊन चार एकरांत लावलं. ते धान बाजारात गेलं, माल व्यापाऱ्याच्या नजरेत भरला, आणि विकायचा तर काहीतरी म्हणून विकायला हवा. त्या काळी सगळ्यांना ठाऊक असलेलं, सगळ्यांना हवंसं वाटणारं नाव होतं घड्याळाचं : एचएमटी. तेच चिकटलं.

आत्ता वीस-बावीस वर्षांच्या असलेल्या वाचकांसाठी सांगायला हवं. एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, १९५३ साली बंगळुरूत सुरू झालेली सरकारी कंपनी. १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं तिनं मनगटी घड्याळं बनवायला घेतली. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं तर ते एचएमटीचंच. एक दिवस एचएमटी घड्याळांचा कारखाना बंद पडेल आणि एचएमटी तांदूळ मात्र देशभर विकला जात असेल, हे त्या व्यापाऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता.

मला या बारशात रस आहे तो वेगळ्या कारणानं. ते नाव म्हणजे उसना घेतलेला विश्वास होता. घड्याळाचा तांदळाशी काडीचा संबंध नव्हता. आज लिस्टिंगवर आजोबांचा फोटो लावतात, तसंच त्या दिवशी व्यापाऱ्यानं केलं : लोकांचा ज्यावर आधीच भरवसा आहे अशी गोष्ट उचलली आणि आपल्या पोत्यावर लावली. पण माल खरा होता. उसन्या नावाखाली खरा माल गेला, लोकांनी तो खाल्ला, पुन्हा मागितला, बी मागून नेलं, आणि बघता बघता आंध्र, तेलंगण, छत्तीसगड, मध्य प्रदेश इथपर्यंत एचएमटी पसरला. म्हणजे जाहिरातीचं नाव बनावट वाटलं म्हणून माल खोटा ठरवणारी मी त्या दिवशी बाजारात असते, तर हाही तांदूळ सोडून दिला असता.

पुढचा भाग कटू आहे. १९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं प्रयोगासाठी म्हणून दादाजींकडून पाच किलो बी नेलं. १९९८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण बाहेर आलं. विद्यापीठाची बाजू अशी की, मूळ बियाण्यात सरमिसळ होती. ते शुद्ध करून, एकसारखं करून वाण तयार केलं. दादाजींची बाजू अशी की, धान माझं आहे. मला दोन्ही विधानांत तथ्य वाटतं. शेतकऱ्याच्या निवडीत सरमिसळ राहते, आणि ती काढणं हे खरं काम आहे. पण ज्याचं बी शुद्ध केलं त्याचं नाव टॅगवरून गाळायला शुद्धीकरणाचा कुठलाच नियम सांगत नाही. त्या वेळी शेतकऱ्याच्या वाणाला कायद्याचं संरक्षणही नव्हतं. पिकांच्या वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा आला २००१ साली.

त्या कायद्यात एक कलम आहे, ३९ वं. शेतकऱ्याला आपलं बी राखून ठेवायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा, विकायचाही हक्क त्यानं मान्य केला. फक्त ब्रँडचं पाकीट करून विकता येणार नाही. त्याच कलमात पुढे असंही आहे की, नोंदणीकृत वाणाचं बी विकणाऱ्यानं ते कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न देईल हे शेतकऱ्याला सांगायला हवं, आणि बी त्या दाव्याला उतरलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. विकणाऱ्यानं दावा केला तर त्याला दाव्याशी बांधून ठेवायचं, असा हा विचार. तांदळाच्या पाकिटावर 'ओरिजिनल' लिहिणाऱ्याला असं कोणी बांधत नाही.

दादाजींना मान मिळाला, नाही असं नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'नं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. राज्य सरकारनंही गौरवलं, सुवर्णपदक दिलं. आणि पैशाच्या अडचणीत ते पदक विकायला काढलं तेव्हा ते शुद्ध सोन्याचं नाही असं कळलं, अशा बातम्या त्या काळी छापून आल्या. ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा शाळेत असेन. मोठी माणसं हसत होती, आणि त्यांच्या हसण्याचा मला राग आला होता, एवढं आठवतं. दादाजी ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या दवाखान्यात गेले. एचएमटीनंतरही त्यांनी वाणं काढणं सोडलं नव्हतं : नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न. एकाला मात्र त्यांनी 'डीआरके' हे नाव दिलं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं. पुन्हा कोणी घड्याळाचं नाव चिकटवू नये, असं त्यामागे असावं असं मला उगाच वाटत राहतं.

मालाचं नाव एकीकडे आणि माल दुसरीकडे, हे आमच्या मुलखात त्याआधीही झालं आहे, आणि तेव्हा ते कापसात झालं. वरोऱ्याच्या पलीकडे, वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट. एकोणिसाव्या शतकात त्या गावाचं नाव लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना पाठ होतं, कारण तिथला 'बनी' कापूस लांब धाग्याचा होता आणि 'हिंगणघाट' या नावानंच विकला जायचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या आणि भाव चढले. मग चांगल्या नावाच्या गाठींत आखूड धाग्याचा 'जरी' मिसळू लागला; सरकी, माती, पाणी हे तर होतंच. मुंबई सरकारनं १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला, तपासनीस नेमले. पुढे तो रद्दही झाला. गाठ दाबून बांधली की आतला कापूस बघणार कोण?

शेतकऱ्याची अडचण उलट बाजूची होती. त्याला मालाची जात माहीत असायची, पण भाव माहीत नसायचा. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी बोली करायचे. याला 'हत्ता' म्हणत. बैलगाडीवर बसलेल्या मालकाला दिसायचा फक्त रुमाल. वऱ्हाडात कारंजाचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांची वंशावळ तिथपर्यंत जाते. रुमाल काढून टाका, वजन उघड्यावर करा, बोली ओरडून करा. त्या समित्यांचं पुढे काय झालं तो वेगळा विषय आहे, आणि त्यात शिरले तर परत येणार नाही.

आता तांदळाकडे परत. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६७-६८ चं वर्ष दिल्लीत काढलं. १९७० मध्ये त्याचा एक निबंध छापून आला, आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवलेला. विकणाऱ्याला मालाचं खरं माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं, तेव्हा बाजाराचं काय होतं, हा त्याचा विषय. घेणारा सरसकट मधला भाव देतो, त्या भावात चांगला माल परवडत नाही, चांगला माल विकणारे निघून जातात आणि बाजारात टुकार माल उरतो. निबंध जुन्या मोटारींच्या उदाहरणामुळे गाजला आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण त्याच निबंधात एक उदाहरण भारतातल्या तांदळाचं आहे : इथल्या गृहिणीला बाजारातल्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे नि आकाराचे खडे निवडत बसावं लागतं.

ते वाचून मला माझी आजी दिसली, सूप घेऊन ओसरीवर बसलेली. ॲकरलॉफचं निरीक्षण बरोबरच आहे. पण खडा हा त्यातला सोपा प्रकार. खडा दिसतो, टोचतो, सुपातून पाखडून टाकता येतो. 'ओरिजिनल' हा शब्द पाखडता येत नाही. दाणा शिजला, खाल्ला, पचला, तरी तो पीकेव्ही होता, दादाजींचा होता, की भलताच कुठला बारीक तांदूळ, हे पुण्यातल्या ताटात कळायचा मार्ग नाही.

म्हणून मी माझ्या पाकिटावरचे दावे एकेक करून घेतले. 'शुगर फ्री' सगळ्यात सोपा. तांदूळ मुख्यतः स्टार्च असतो आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. त्यामुळे तांदळावर हे लिहिणं निरर्थक, आणि जो हे लिहितो त्याच्या बाकीच्या शब्दांकडेही त्याच नजरेनं पाहावं. 'नॅचरल' म्हणजे काहीच नाही. सेंद्रिय म्हटलं असतं तर 'जैविक भारत'चं चिन्ह शोधता आलं असतं. त्यानं चलाखीनं ते म्हटलंच नव्हतं. 'एक वर्ष जुना' हे भात शिजवल्यावर थोडंफार कळतं, कारण नवा तांदूळ चिकट होतो. माझा झाला. तुकडा किती, हे मात्र कोणालाही मोजता येतं. मी शंभर दाणे मोजून काढले, त्यात एकवीस तुकडे निघाले. हे करायला दहा मिनिटं लागली आणि सगळे स्टार मिळून जे सांगत नव्हते ते या दहा मिनिटांनी सांगितलं.

पाकिटावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक होता. तो त्यांच्या साइटवर टाकून पाहिला, खरा होता. पॅक करणारा परराज्यातल्या एका शहरातला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याचं नाव-पत्ता ॲपवर दाखवावा लागतो, तोही कुठल्यातरी कोपऱ्यात सापडला. हे सगळं कायदेशीर होतं, आणि यातलं काहीही तांदूळ एचएमटी आहे असं म्हणत नव्हतं. परवाना सांगतो की हा माणूस अन्नाचा धंदा करतो. जातीबद्दल तो गप्प असतो. आपण मात्र लांबलचक आकडा पाहिला की सगळ्याच दाव्यांवर शिक्का बसला असं समजतो.

रिव्ह्यूंचंही तसंच. विकणाऱ्यानं ग्राहक बनून स्वतःचे रिव्ह्यू लिहू नयेत, हे त्याच नियमांत आहे; २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं रिव्ह्यूंसाठी मानकही काढलं, आयएस १९०००, पण ऐच्छिक. समजा सगळे रिव्ह्यू खरे आहेत. तरी लिहिणारे सांगतात पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, भात मोकळा झाला. एचएमटी ओळखणारा त्यात कोण? माझ्या आईनं आजवर एकही रिव्ह्यू लिहिलेला नाही.

बासमतीचं बघा. ब्रिटनमध्ये बासमतीत दुसरा तांदूळ सात टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी आचारसंहिता २००५ पासून आहे, आणि तो डीएनए तपासून पकडता येतो. आपल्याकडेही १ ऑगस्ट २०२३ पासून बासमतीचं मानक लागू झालं : कृत्रिम सुगंध नको, रंग नको. त्या नावामागे निर्यातीचा पैसा उभा आहे, म्हणून ते राखलं जातं. एचएमटीसाठी बंदरावर डीएनए तपासायला कोणी उभं नाही.

हे सगळं आईला सांगितलं तर ती म्हणणार, म्हणूनच ओळखीच्या माणसाकडून घ्यावं. पण तेही पुरतं खरं नाही. आमच्याकडे राजुरा, कोरपना, गोंडपिपरीकडे कापूस लावणाऱ्यांना 'चोर बीटी' माहीत असतं. तणनाशक मारलं तरी पीक मरत नाही असा दावा असलेलं, सरकारची मान्यता नसलेलं बियाणं. तेलंगणच्या बाजूनं येतं, ओळखीच्याच माणसाकडून मिळतं, बिलाशिवाय. उगवलं तर ठीक. फसलं तर ग्राहक मंचात काय घेऊन जाणार? आणि ज्याच्याकडून घेतलं तो नात्यातलाच असतो, त्याच्या दारात भांडायलाही जाता येत नाही. दुकानातल्या प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. धानाच्या बाबतीत त्याचा अर्थ उगवण निदान ८० टक्के, शुद्धता निदान ९८ टक्के. आणि 'सत्यतादर्शक' बियाणं नावाचा एक प्रकार असतो. त्यात प्रमाणित करणारी यंत्रणा नसते. कंपनीच स्वतःच्या मालाबद्दल चिठ्ठीवर लिहिते. नाव मात्र सत्यतादर्शक! ज्यानं हा शब्द घडवला त्याला लिस्टिंग लिहायची नोकरी कुठेही मिळाली असती.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आईबरोबर राईस मिलमध्ये गेले. कोंड्याचा धुरळा, पट्ट्यांचा आवाज. मालकाला विचारलं, एचएमटी आहे का. त्यानं उलट विचारलं, "कोनता पायजे? एचएमटी म्हनून तं सगळेच देतेत." मग त्यानं तीन पोत्यांची तोंडं उघडली. एकातला, म्हणाला, पीकेव्हीच्या बियाण्याचा. दुसरा नागभीडकडच्या एका शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं राखलेल्या बियाण्याचा, 'जुना' म्हणतात तो. तिसऱ्याबद्दल तो म्हणाला, "हा बारीक आहे, चांगला आहे, पन एचएमटी नोहे. पुन्या-मुंबईले हाच जाते." आईनं दुसऱ्यातले चार दाणे तोंडात टाकले, मान हलवली आणि भावावरून वाद घालायला लागली. "शिजवून पाहा," तो म्हणाला. "नसन जमत तं कट्टा वापस आना."

पुण्यात परतल्यावर आठवलं की ॲपवरची माझी तक्रार अजून उघडी होती. मी ताटलीतल्या दाण्यांचे फोटो जोडले, शंभरात एकवीस तुकडे असं लिहिलं, दोन जातींची सरमिसळ आहे असंही लिहिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. पूर्ण पैसे परत, गैरसोयीबद्दल क्षमस्व, वस्तू परत पाठवण्याची गरज नाही. म्हणजे तो तांदूळ कोणीही उघडून पाहणार नव्हतं.

त्या रात्री मी ते लिस्टिंग पुन्हा उघडलं. आजोबा तसेच हसत होते. 'ओरिजिनल' तसंच होतं. खाली कोणीतरी नुकतेच पाच स्टार दिले होते : भात मोकळा झाला, गावची आठवण आली.